दुसरी पिढी कापू नकोस

चि. मुलीस,

तुझा आराखडा वाचला, पत्रही वाचलं. एमिली ब्रॉन्टेच्या 'वुदरिंग हाइट्स' या कादंबरीवर पटकथा करायची आहे आणि निर्माता म्हणतो, नायिका कॅथरिन मेली की सिनेमा संपवू, पुढची पोरं नकोत. त्याचं म्हणणं व्यवहाराचं वाटतं, तरी तुला झोप लागत नाही. ती न लागणंच बरोबर आहे. दुसरी पिढी कापू नकोस.

१९३९ च्या चित्रपटात दिग्दर्शक विल्यम वायलरनं ती कापली. कादंबरीची प्रकरणं ३४, कॅथरिन जाते सोळाव्या प्रकरणात. म्हणजे निम्म्याहून जास्त प्रकरणं गेली. ग्रेग टोलंडचं छायाचित्रण देखणं आहे, ऑस्कर उगाच नाही मिळालं. पण शेवटी कॅथरिन आणि तिचा प्रियकर हीथक्लिफ या दोघांची भुतं बर्फातून जोडीनं चालत जातात. वायलरला ते दृश्य नको होतं, निर्माता गोल्डविननं हट्टानं घालायला लावलं. मी गोल्डविनला फार दोष देत नाही. मागे राहिलेली माणसंच गाळली तर शेवटाला भुतांशिवाय हाताशी उरतं काय?

एमिली ब्रॉन्टेची मांडणी नीट बघ. कादंबरीचा पहिला शब्द आहे '१८०१'. हीथक्लिफचा भाडेकरू लॉकवुड 'वुदरिंग हाइट्स' या घरात शिरतो तेव्हा कॅथरिन केव्हाच गेलेली असते. त्याला आधी भेटते कॅथरिनची धुमसणारी विधवा पोर आणि अक्षरशत्रू हेअरटन. घराचं काय झालं ते आधी, प्रेमाची गोष्ट नंतर. हा क्रम तिनं जाणून निवडलाय, आणि तुझा निर्माता नेमका तोच मोडायला सांगतोय.

हेअरटन पुन्हा वाच, मन लावून. कॅथरिनचा भाऊ हिंडली यानं हीथक्लिफला गडी केलं, म्हणून हीथक्लिफ हिंडलीच्या मुलाला, हेअरटनला, गडी करतो. वारा तोच असला तर हेही झाड तसंच वाकडं वाढतं का बघू, असं तो उघड बोलतो. दारावर त्या पोराचं स्वतःचं नाव कोरलेलं आहे, आणि त्याला ते वाचता येत नाही. अगं, कॅमेऱ्यासाठी याहून काय हवं? शेवटी कॅथरिनची मुलगी त्याला वाचायला शिकवते. आणि हीथक्लिफ मरतो तेव्हा मनापासून रडतो तो हाच, सगळ्यात जास्त नाडलेला. हे कापून तू दाखवणार काय, माळरानावरची धावाधाव?

दोन पिढ्या दोन तासांत बसत नाहीत, असं सांगू नकोस. १९९२ च्या चित्रपटात ज्यूलिएट बिनोशनं आई आणि मुलगी दोघीही केल्यात. तो मला घाईचा वाटतो, पण रस्ता आहे हे त्यानं दाखवलं. जागा हवी तर बालपण आखड. हीथक्लिफशी लग्न करणाऱ्या इझाबेलाला मात्र हात लावू नकोस. पळून जायच्या रात्री हीथक्लिफनं तिचा कुत्रा टांगलेला असतो, तरी ती जाते. पुढे तोच घरच्या मोलकरणीला, नेलीला, सांगतो की हिनं माझ्यात प्रेमकथेतला नायक पाहिला. तुझ्या प्रेक्षकांतले निम्मे इझाबेला असतील. त्यांना ते वाक्य ऐकू दे.

मीही एकदा अशाच एका कादंबरीचं नाटक लिहीत होतो. बायको-मुलं काढा, नायकाचं दुःख ठेवा, असा आग्रह झाला. मी संहिता परत घेतली. नाटक उभं राहिलं नाही, याची हळहळ अजून आहे. तालमीची जागा ठरली होती, नटही ठरले होते. त्यानंतर त्या मंडळींनी मला बोलावलं नाही. लोक हेकट म्हणतात, म्हणोत. घरात एक माणूस प्रेमानं पेटलं की चटके कुणाला बसतात हे मी जवळून बघितलंय. ती माणसं माझ्या हातानं पुसली जाणार नव्हती. आज कुणी विचारलं तरी मी तेच करीन.

तू माझ्यासारखं उठून जावंस असं नाही. तुझं वय भांडायचं आहे, भांड. पण रिकाम्या हातानं जाऊ नकोस. हेअरटन दारापाशी उभा राहून आपलं नाव न्याहाळतो, ते दृश्य आधी लिही, पुरतं लिही, आणि बैठकीत वाचून दाखव. ते ऐकूनही नको म्हणाले तर मला फोन कर. तोवर कशावरही सही करायची नाही.

तुझा,
काका