अर्ज दिला की झोप लागते

“मॅडम, दाद मागायला आता उशीर झाला का हो?” सरकारी नोकरीतली माणसं माझ्यासमोर बसली की हा प्रश्न कधी ना कधी येतोच. कुणाला पदोन्नतीत डावललेलं असतं, कुणाच्या गोपनीय अहवालात जुना राग काढलेला असतो, कुणी बाळंतपणाच्या रजेवरून परत येते तर तिचं टेबलच दुसऱ्याला दिलेलं असतं, कुणाला साहेबांचा नको तसा त्रास असतो. सांगता सांगता माणूस मध्येच थांबतो, बोटांवर महिने मोजतो आणि हे विचारतो. मी वकील नाही, समुपदेशक आहे. पण या प्रश्नाचा कायद्यात न मावणारा जो भाग असतो, तो बहुतेक वेळा माझ्याकडेच येतो.

वसंतरावांचं सांगते. नाव बदललंय, खातं आणि पदही मुद्दाम सांगत नाही. वय पंचेचाळिशीच्या पुढे, लहानपणी पोलिओ होऊन एक पाय अधू झालेला, कामाला चोख. पदोन्नतीची यादी निघाली, तेव्हा त्यांना कनिष्ठ असलेल्या दोघांची नावं तिच्यात होती आणि यांचं नव्हतं. आस्थापना शाखेतल्या मित्राने खासगीत कारण सांगितलं: वरच्या पदाला फिरती आहे, यांना झेपणार नाही असं साहेबांचं म्हणणं. झेपेल का, हे यांना कुणी विचारलं नव्हतं.

माझ्याकडे ते त्यासाठी आलेच नव्हते. झोप लागत नाही म्हणून पत्नी घेऊन आली होती. डावलल्याची गोष्ट दुसऱ्या भेटीत निघाली, तीही पत्नीच्या तोंडून. “ह्यांनी अर्ज केलेत की, पाच अर्ज!” असं म्हणून तिने पिशवीतून फाइल काढली.

“मग प्रकरण कुठवर आलंय?” मी विचारलं.

“चालू आहे ना,” वसंतराव म्हणाले. “आपला अर्ज आहे तिथे.”

“कुणाकडे?”

“आधी साहेबांकडे दिला. मग त्यांच्या वरच्यांकडे. आता थेट मंत्रालयात पाठवतोय.”

“आणि न्यायाधिकरणात?”

“तिथे नंतर. आधी इथलं उत्तर तर येऊ दे.”

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की इथे थोडं थांबून कायद्याचं बोलायलाच हवं. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला सेवेच्या तक्रारीसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, ज्याला सगळे ‘मॅट’ म्हणतात. ते 1991 पासून मुंबईत आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला त्याची खंडपीठं आहेत. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे ‘कॅट’. दोन्हींना 1985 चा एकच कायदा लागू आहे आणि मुदत त्यातच लिहिलेली आहे: अंतिम आदेश झाल्यापासून एक वर्ष. नियमाप्रमाणे अपील किंवा अभिवेदन, म्हणजे लेखी निवेदन, दिलं आणि उत्तरच आलं नाही, तर सहा महिने वाट पाहायची आणि त्यापुढे एक वर्ष. आधी खात्यात दाद मागितली होती का, हेही न्यायाधिकरण विचारतं, म्हणून पहिला अर्ज हवाच. पण दुसरा, तिसरा, चौथा दिला म्हणून घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच हे स्पष्ट केलंय: कायद्यात ज्याची सोय नाही अशी निवेदनं पुन्हा पुन्हा देत राहिल्याने मुदत वाढत नाही.

वसंतरावांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. कर्मचारी संघटनेतल्या एकाने सांगितलं होतं. माहिती होती, तरी पाय उचलत नव्हता. अशा वेळी माणसाला पुन्हा तीच माहिती देत बसण्यात अर्थ नसतो, असं माझं वर्षानुवर्षांचं मत आहे. भीती जशी एका विचारातून येते, तशी चालढकलही येते. तो विचार हाती लागला की बाकीचं माणूस स्वतःच करतो.

पुढच्या भेटीत मी फाइल मागून घेतली आणि पाचही अर्ज ओळीने वाचले. पहिल्यात सगळं होतं: यादीची तारीख, ज्येष्ठता क्रमांक, कनिष्ठांची नावं, वर आवकचा शिक्का. दुसऱ्यात नावं गेली. तिसऱ्यात यादीचा उल्लेख पुसट झाला. पाचव्यात तक्रार अशी उरलीच नव्हती. इतकी वर्षं निष्कलंक सेवा केली, एवढाच मजकूर, आणि शेवटी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती.

मग मी वेगळंच विचारलं. “हा शेवटचा अर्ज दिलात, त्या रात्री झोप लागली होती?”

त्यांनी पत्नीकडे पाहिलं. “लागली होती.”

“चांगली लागली होती,” ती म्हणाली. “आठ-दहा दिवस बरे होते. मग परत तेच.”

“आणि त्याच्या आधीच्या अर्जानंतर?”

बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही. समुपदेशकाला गप्प बसता आलं पाहिजे आणि ते मला येतं. मग वसंतराव हसले. “म्हणजे मी गोळी घेतोय, मॅडम. झोपेची.”

हे त्यांचं त्यांना सापडलं याचा मला फार आनंद झाला. अर्ज लिहिताना मनाला वाटतं, मी काहीतरी केलं. धडधड थांबते. उत्तर येईपर्यंत निर्णय घ्यायचा नसतो, साहेबांसमोर उभं राहायचं नसतं. ती उसंत इतकी हवीहवीशी असते की अस्वस्थता परत आली की माणूस पुन्हा अर्जच लिहितो. मुदत संपते ती याच शांत दिवसांत. रागाने पेटलेल्या माणसाची मुदत हुकलेली मी क्वचितच पाहिलीय. हुकते ती समंजस, थांबून घेणाऱ्या माणसाची. हे निरीक्षण माझं स्वतःचं आहे, आणि अजून तरी ते खोटं ठरलेलं नाही.

गोळीखालचा विचारही मग फार दूर नव्हता. “न्यायाधिकरणात गेलो तर साहेबांना वाईट वाटेल. तक्रारखोर म्हणतील.”

“म्हणतील कदाचित. मग?”

“मग... तसं म्हणता कामा नये ना कुणी.”

हीच गाठ. साहेबांना वाईट वाटू नये ही इच्छा चांगलीच आहे. वाईट वाटताच कामा नये, हा हट्ट झाला, आणि त्यापायी ते वर्षभर आपला हक्क उपकारासारखा मागत होते. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा स्पष्ट सांगतो की केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून पदोन्नती नाकारता येत नाही. प्रत्येक सरकारी आस्थापनेने त्यासाठी तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो आणि नोंदवलेल्या तक्रारीची चौकशी त्याने दोन आठवड्यांत करायची असते. यांच्या कार्यालयात असा अधिकारी होता. पाच अर्जांपैकी एकही त्याच्याकडे गेला नव्हता.

मी त्यांना लढा असं सांगितलं नाही. तो निर्णय माझा नव्हे. एवढंच सांगितलं की दाखल करणं आणि शेवटपर्यंत लढणं हे दोन निर्णय आहेत. पहिल्याला तारीख आहे. दुसरा सावकाश घेता येतो, दाखल केलेला अर्ज मागेही घेता येतो. मनाची तयारी झाल्यावर बघू म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते, कारण मनाची तयारी बहुधा पाऊल टाकल्यानंतर होते.

कार्यालयात छळ सोसणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर हे आणखी निकडीचं. 2013 च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाची लेखी तक्रार कार्यालयातल्या अंतर्गत तक्रार समितीकडे तीन महिन्यांत द्यायची असते. प्रकार पुन्हा पुन्हा घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. उशिराचं कारण पटलं तर समिती ते लेखी नोंदवून आणखी जास्तीत जास्त तीन महिने देऊ शकते. लिहिणं जमत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं कामच आहे. “आधी जरा सावरते, मग बघते,” असं म्हणणाऱ्या बाईला मी कागदपेन देते आणि आज फक्त तारखा लिही म्हणते. सावरणं त्यानंतरही होतं. खासगी शाळांतल्या शिक्षकांची वाट वेगळी आहे. बडतर्फी, पदावनती किंवा बढतीत डावललं जाणं याविरुद्ध त्यांना शाळा न्यायाधिकरणात अपील करायला फक्त 30 दिवस मिळतात. सरकारी मित्राच्या एका वर्षाच्या भरवशावर राहिलेले शिक्षक मला भेटलेले आहेत.

आणि ज्यांची मुदत खरोखर गेली आहे? त्यांनी स्वतःला शिक्षा करत घरी बसू नये, वकील गाठावा. सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण उशीर माफ करू शकतं. वेतननिश्चिती चुकली असेल तर ते नुकसान दरमहा नव्याने होत असतं, तिथे हिशेब निराळा असतो, मात्र थकबाकी साधारणपणे मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. “मी मानसिक त्रासात होतो” हे नुसतं तोंडी सांगून भागत नाही. उपचारांची कागदपत्रं, रजेचे अर्ज, तारखा लागतात. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते, पोच जपा. आवक क्रमांकाशिवाय अर्ज देऊ नका.

वसंतराव पहिल्या अर्जाची पोच घेऊन वकिलाकडे गेले. ती शिक्क्याची प्रत होती म्हणून दिवस मोजता आले, आणि ते अजून शिल्लक होते. मंत्रालयासाठी लिहिलेला सहावा अर्ज फाइलमध्येच राहिला. निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवली, मॅटमध्येही अर्ज दाखल झाला. त्यानंतर झोप पुन्हा गेली. ती जाईल, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. या वेळी मात्र ती मिळवायला नवा कागद लिहायचा नाही, असं आमचं ठरलंय. निकाल लागायचा आहे. सध्या आमच्या भेटी चालतात त्या वेगळ्याच प्रश्नावर: सकाळी साहेब जिन्यात भेटले तर नमस्कार करायचा की नाही. ते म्हणतात करायचा. मीही म्हणते करायचा, फक्त साहेबांनी उत्तर दिलं नाही तर दिवसभर त्याचा विचार करायचा नाही.