सून पोलंडची, व्हिसा भारताचा

गणपतीच्या आधी दोन महिने आणि पुन्हा डिसेंबरच्या लग्नसराईच्या तोंडावर माझ्याकडे एकाच छापाची पत्रं येतात. मुलगा किंवा मुलगी परदेशात, जोडीदार तिकडचा, सगळ्यांची तिकिटं काढून झालेली आणि व्हिसाची आठवण सर्वांत शेवटी. गेल्या काही आठवड्यांतले प्रश्न इथे घेते आहे.

प्रश्न : माझी पत्नी नेपाळची नागरिक आहे. काठमांडूहून थेट मुंबईला यायला तिला कोणता व्हिसा लागेल?

कुठलाच नाही. पासपोर्ट किंवा नेपाळी नागरिकत्वाचा दाखला जवळ असू द्या.

प्रश्न : जावई जर्मन आहेत. तीन आठवडे नाशिकला येणार. एक ओळखीचे म्हणाले, भारतीय मुलीचा नवरा टुरिस्ट व्हिसावर आला तर विमानतळावर अडवतात. खरं का?

त्या ओळखीच्यांना विचारा, कोणाला अडवलं आणि कधी. 'असं ऐकलंय' यापलीकडे काही निघणार नाही. नातेवाइकांना भेटणं हे टुरिस्ट व्हिसाच्या उद्देशातच बसतं. भारतीयाशी लग्न केल्याने देशात येण्याचा आपोआप हक्क मिळत नाही, पण तीन आठवड्यांच्या मुक्कामासाठी वेगळा 'नवऱ्याचा व्हिसा'ही लागत नाही. ई-टुरिस्ट व्हिसा ३० दिवसांचा, एक वर्षाचा किंवा पाच वर्षांचा मिळतो. मुंबई, पुणे, नागपूर आणि गोव्याचे दोन्ही विमानतळ या व्हिसावर उतरायला चालतात.

अर्ज जावईबापूंनी स्वतः भरावा. तुम्ही फक्त भारतातला संपर्क म्हणून नाव, पत्ता आणि फोन द्यायचा. फोटो चौरस, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्म्याशिवाय. पासपोर्टच्या पानाची पीडीएफ ३०० केबीच्या आत. निम्मे अर्ज इथेच अडकतात, आणि लोक मात्र समजतात की सरकारला लग्न पसंत नाही. एक प्रश्न नीट वाचायला सांगा : आईवडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी पाकिस्तानचे नागरिक होते का? उत्तर 'हो' असेल तर ई-व्हिसाचा नाद सोडून भारतीय दूतावासाकडे अर्ज करावा लागतो. तिथे लपवाछपवी करू नका. शंका असेल तर आधी दूतावासाला विचारा.

प्रश्न : बायकोच्या ३० दिवसांच्या ई-व्हिसाच्या पत्रावर शेवटची तारीख १२ आहे. आम्ही १० तारखेला उतरतोय. म्हणजे दोनच दिवस राहायचं?

नाही. ती तारीख भारतात पाऊल ठेवण्याची मुदत आहे. ३० दिवस मोजायचे ते उतरल्यापासून. एक आणि पाच वर्षांच्या व्हिसाचं मात्र उलटं आहे, तिथे मुदत मंजुरीच्या दिवसापासून धावू लागते. उतरल्यावर पासपोर्टवर पडलेला शिक्का तिथल्या तिथे वाचा. तारीख पुसट असेल तर काउंटर सोडू नका.

प्रश्न : गुगलवर पहिल्या आलेल्या साइटवर अर्ज भरला. १५९ डॉलर कापले गेले. सरकारी फी एवढी असते का?

नसते. बऱ्याच देशांच्या नागरिकांना ३० दिवसांचा व्हिसा एप्रिल ते जून १० डॉलरला, इतर महिन्यांत २५ डॉलरला मिळतो, वर्षाचा ४० आणि पाच वर्षांचा ८० डॉलरला. वर कार्डाचा किरकोळ आकार. देशागणिक फी बदलते, तरी १५९चा हिशोब बसत नाही. तुम्ही दलालाच्या दुकानात शिरलात. नावात 'इंडिया' आणि 'व्हिसा' हे शब्द, वर तिरंगा, एखादं अशोकचक्र, आणि 'तातडीची सेवा' असं लाल बटण, असा या साइटींचा थाट असतो. सरकारी पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन असतं, एवढं एक बघितलं असतंत तरी पुरे होतं. तातडीच्या नावाखाली हे लोक तुमचाच अर्ज सरकारी साइटवर टाइप करतात. आता बँकेकडे तक्रार करा आणि व्हिसा खरंच निघालाय का, हे सरकारी साइटवर तपासा.

आणखी एक. परदेशी पाहुण्यांसाठीचं ई-अरायव्हल कार्ड (आगमनाचा ऑनलाइन फॉर्म) १ ऑक्टोबर २०२५पासून सुरू झालं आहे, ते उतरण्याआधीच्या ७२ तासांत भरायचं असतं आणि ते फुकट आहे. त्याचेही पैसे घेणारे निघालेत.

प्रश्न : आमची सून पोलंडची. गणपतीला प्रथमच चिपळूणला घरी राहणार. पोलिसांना कळवावं लागतं म्हणे. घरच्या सुनेसाठीसुद्धा?

हो काकू, घरच्या सुनेसाठीसुद्धा. ज्याला सगळे सी-फॉर्म म्हणतात ती माहिती ती आल्यापासून २४ तासांच्या आत ऑनलाइन द्यायची. हॉटेलवाले देतात, तशीच घरमालकानेही. तिच्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत हाताशी ठेवा. पोर्टल चाललं नाही तर जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारा, आणि हे सगळं मोदकांच्या आदल्या संध्याकाळी नको.

प्रश्न : आमचं लग्न तीन वर्षांपूर्वी कोल्हापूरला गुरुजींनी लावलं. पत्नी फ्रेंच, ख्रिश्चन. नोंदणी राहून गेली. दरवेळी व्हिसा नको म्हणून तिला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड हवंय. तीन वर्षं झालीत, म्हणजे पात्र ना?

राहून गेली! हा शब्द मी वर्षभर ऐकते. अल्बम, हॉलची पावती, सोनेरी छपाईची पत्रिका आणि गुरुजींचं सही केलेलं पत्र, असा पिशवीभर ऐवज घेऊन एक जोडपं माझ्या टेबलासमोर बसलं होतं. पिशवीतून शेवटी अक्षतांची पुडीसुद्धा निघाली. ओसीआयच्या अर्जाला त्यातलं काहीही चालण्यासारखं नव्हतं.

नागरिकत्व कायद्याची अट अशी : विवाह नोंदलेला हवा आणि अर्जाच्या आधी सलग किमान दोन वर्षं टिकलेला हवा. तुमच्याकडे नोंदणीच नाही, मग तीन वर्षांचं काय करणार? शिवाय हिंदू विवाह कायद्याखाली दोघेही हिंदू असावे लागतात. वर हिंदू आणि वधू ख्रिश्चन असेल तर सप्तपदी कितीही साग्रसंगीत झाली तरी तुमचा रस्ता १९५४च्या विशेष विवाह कायद्याचा.

आता दिवस मोजा. आधी विधी झालेलं लग्न या कायद्याखाली नोंदवायचं तर दोघांचंही त्या जिल्ह्यात अर्जाआधी ३० दिवस वास्तव्य लागतं. त्यानंतर हरकतींसाठी ३० दिवसांची नोटीस. मग तीन साक्षीदार. म्हणजे पत्नी ३० दिवसांच्या व्हिसावर आली तर अर्जाचा दिवस उजाडायच्या आत तिचं परतीचं विमान. लोक रजा टाकून येतात, निबंधकाच्या बाकावर बसतात आणि 'मॅडम, काही ॲडजस्ट होतं का' असं विचारतात. होत नाही. करून देतो म्हणणारा एजंट भेटला तर तिथून उठा, कारण जुन्या तारखेचं प्रमाणपत्र पुढे पडताळणीत सापडलं की कार्ड तर जातंच, तिचं पुढचं येणंही अडचणीत येतं.

फ्रान्समध्येच राहत असाल तर तिथल्या नगरपालिकेत रीतसर लग्न करण्याचा पर्याय तपासा. त्या प्रमाणपत्रावर अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का), सोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर, आणि तुम्ही अजून भारतीय नागरिक असाल तर १९६९च्या परदेशी विवाह कायद्याखाली दूतावासात नोंदणीची विचारणा. पण एक पाऊलही टाकण्याआधी तिचे जुने व्हिसा अर्ज बाहेर काढा. त्यांत 'विवाहित' लिहिलंय की 'अविवाहित'? पत्रिकेवर एक तारीख, प्रमाणपत्रावर दुसरी आणि अर्जात तिसरीच गोष्ट, हे प्रकरण घरच्या घरी सोडवू नका. सगळे कागद एकदम वकिलासमोर ठेवा. (घटस्फोट झाला तर लग्नाच्या आधारावरचं ओसीआय रद्द होतं, हेही तेव्हाच विचारून घ्या. शुभ बोल नाऱ्या, मला ठाऊक आहे.)

प्रश्न : पाच वर्षांचा ई-व्हिसा शिल्लक आहे, पण नवऱ्याने पासपोर्ट नवा केला.

दोन्ही पासपोर्ट आणा.

प्रश्न : सासूबाईंच्या आजारपणासाठी माझी इटालियन पत्नी सात-आठ महिने साताऱ्यात राहू इच्छिते. शेजारी म्हणतात, दर तीन महिन्यांनी नेपाळला जाऊन परत यायचं.

शेजाऱ्यांना त्यांचा सल्ला त्यांच्याच सुनेवर वापरू द्या. ई-टुरिस्ट व्हिसा वाढवून मिळत नाही, आणि त्यावर राहण्याच्या दिवसांनाही मर्यादा आहे. सात महिने राहायचं ठाऊक असताना पर्यटक म्हणून यायचं कशाला? भारतीय नागरिकाच्या जोडीदारासाठी एन्ट्री व्हिसा आहे, त्याला एक्स व्हिसा म्हणतात. त्याची विचारणा दूतावासात करा, लग्नाचं प्रमाणपत्र लागेल, आणि १८० दिवसांहून जास्त राहायचं तर इथे आल्यावर १४ दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) ऑनलाइन नोंदणी. आजारपणाचे कागद जोडून आताच दूतावासाशी बोला. 'येऊ तर दे, मग बघू' यातून फक्त दंड आणि एक्झिट परमिटच्या, म्हणजे देश सोडण्याच्या परवान्याच्या, फेऱ्या निघतात.

प्रश्न : माझे पती अमेरिकन. मुंबईत उतरल्यावर विमानतळावर व्हिसा देतात, असं कळलं. आमचं विमान परवा रात्री आहे.

ती सोय जपान, दक्षिण कोरिया आणि काही अटींवर संयुक्त अरब अमिरातीच्या नागरिकांना आहे, अमेरिकनांना नाही. ई-व्हिसाचा अर्ज उतरण्याच्या किमान चार दिवस आधी करायचा असतो. व्हिसाशिवाय विमान कंपनी त्यांना चेक-इनवरूनच परत पाठवेल. आधी तिकीट पुढे ढकला, मग अर्ज करा.