गरम मॅनिफोल्डवर पडतंय तरी काय?

प्रश्न: माझ्याकडे १९६० च्या दशकातली दोन आसनांची स्पोर्ट्स कार आहे. चार सिलिंडर, जोडीचे कार्बोरेटर. महिन्यातून एखाद्या वेळीच बाहेर निघते. गेल्या दोन फेऱ्यांत दहाएक मिनिटं चालवून कुठे थांबलं, की बॉनेटच्या फटीतून एक्झॉस्टच्या बाजूनं निळसर धूर यायला लागतो. सायलेन्सरमधून मात्र काहीच नाही. तापमानाचा काटा जागेवर आहे, ऑइल प्रेशरही ठीक आहे. मेकॅनिक म्हणतात, रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल. खोलू का?

उत्तर: इतक्यात नको. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ऑइल सिलिंडरच्या आत जळतं आणि धूर मागून, सायलेन्सरमधून निघतो. तुमचा धूर बाहेरचा आहे. वरून काहीतरी ठिबकतंय आणि गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (सिलिंडरमधला जळका वायू सायलेन्सरकडे नेणाऱ्या इंजिनाला लागून असलेल्या नळ्यांवर) पडून जळतंय. गाडी चालताना वाऱ्यानं तो धूर उडून जातो आणि थांबल्यावर दिसू लागतो, एवढंच.

सगळ्यात आधी पेट्रोलची शंका फेडून घ्या. पेट्रोल मॅनिफोल्डवर पडलं तर सहसा धूर होत नाही. त्याची वाफ होते, नाहीतर ते सरळ पेट घेतं. एमजीबीसारख्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांत कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच अंगाला, एकावर एक असतात, म्हणून तिथे ही भीती खरी आहे. (जग्वारच्या एक्सके इंजिनात ते समोरासमोरच्या बाजूंना आहेत, तिथे धोका कमी, पण संपत नाही.) उभ्या गाडीत फ्लोट चेंबरमधलं (कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतलं) पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर उरतो आणि पेट्रोल आत येणं थांबवणारा नीडल व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकतो. मग पंप सुरू झाला की चेंबर ओसंडून वाहतो.

इंजिन पूर्ण थंड असताना, इलेक्ट्रिक पंप असेल तर स्टार्टर न मारता नुसती चावी फिरवा आणि दोन मिनिटं टॉर्चनं बघा: फ्लोट चेंबरचं झाकण, ओव्हरफ्लो नळी, होजचे जोड. तेवढ्यावर चावी बंद करा, जास्त वेळ ठेवली तर इग्निशन कॉइल तापते. यांत्रिक पंप असेल तर थंड इंजिन सुरू करून पहिल्या मिनिटातच बघून घ्या. थेंब दिसला किंवा वास जरी आला, तर तपासणी तिथेच थांबवा. नीडल आणि सीट बदला. होज जुने असतील तर तेही. नवे घेताना त्यावर एसएई जे३० आर९ ही खूण बघा, कारण इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुनं रबर आतून भुसभुशीत होतं. २ किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक हाताशी हवाच. बॉनेटखाली जाळ दिसला तर बॉनेट सताड उघडू नका. हवा मिळाली की भडका होतो. फटीतूनच फवारा मारा.

पेट्रोल नाही हे ठरलं की मग ऑइल. निळसर धूर आणि करपलेला उग्र वास म्हणजे बहुतेक तेच. गोडसर वास आणि वाळलेला पांढरा-हिरवा पापुद्रा दिसला, तर ते कूलंट आहे; हीटरचा व्हॉल्व्ह किंवा त्याचा होज बघा.

ऑइल कुठून येतंय हे शोधायला इंजिन आधी स्वच्छ करा, नाहीतर वर्षानुवर्षांच्या काळ्या चिकटीत ताजी गळती सापडत नाही. थंड इंजिनावर डिग्रीझर, ब्रश, मग चिंधी. कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटर प्लॅस्टिकनं झाका. वाळल्यावर रॉकर कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) कडेनं आणि खाली ब्लॉकवर टाल्कम पावडरचा पातळ थर द्या. दहा मिनिटं चालवा, थंड होऊ द्या, मग बघा. पावडर जिथे काळवंडली असेल, त्यातली सगळ्यात वरची जागा म्हणजे उगम. ऑइल खाली ओघळतं आणि वाऱ्यानं मागे सरकतं, म्हणून सगळ्यात ओली दिसणारी जागा हमखास फसवते.

तुमच्या वर्णनावरून पहिला संशय रॉकर कव्हरच्या कॉर्क गॅस्केटवर. गाडी उभी राहिली की कॉर्क सुकतं, आकसतं. अशा वेळी नट आणखी आवळायचा मोह होतो, तो टाळा. पत्र्याच्या कव्हरची कड नटाजवळ दबते, मधे फुगते आणि गळती वाढते. कव्हर काढा, कड सपाट लाकडावर ठेवून हलक्या हातोडीनं सरळ करा. नवं गॅस्केट फक्त कव्हरच्या बाजूला चिकटवा. सिलिंडर हेडच्या बाजूला ग्रीसचा पुसट हात पुरे. आवळणी साधारण ५ न्यूटन-मीटर, पण तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. नटाखालचे रबरी वॉशरही त्याच वेळी बदला.

तिथे कोरडं असेल, तर एमजीबीच्या बी-सीरीज इंजिनात दुसरी जागा म्हणजे मॅनिफोल्डच्या मागे, ब्लॉकच्या कुशीत असलेली टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांची) झाकणं. त्यासाठी कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड उतरवावे लागतात, म्हणून बरेच जण हे काम टाळतात.

गॅस्केट बदलून महिन्याभरात पुन्हा गळलं, तर ब्रीदरची (इंजिनातला वायू बाहेर सोडणारी) नळी तपासा. ती चोंदली की क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, दाब साठतो आणि ऑइल सापडेल त्या फटीतून बाहेर येतं. नळी मोकळी असूनही ऑइलच्या झाकणातून जोरात फुसफुस येत असेल, तर मात्र मेकॅनिकच्या रिंगांच्या शंकेला अर्थ आहे. तेव्हाही आधी सिलिंडरचं कॉम्प्रेशन (दाब) मोजा, खोलणं नंतर.

मॅनिफोल्डला किंवा पुढच्या पाइपला उष्णतारोधक पट्टी गुंडाळली असेल तर काढून टाका. ती ऑइल शोषते, गळती थांबल्यावरही धुमसत राहते आणि क्वचित पेटते. एअर फिल्टरच्या डब्यात, बल्कहेडच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) खोबणीत उंदराचं घरटं नाही ना, हेही एकदा बघा. उभ्या गाडीत ते दुर्मीळ नाही.

प्रश्न: चालवताना सायलेन्सरमधून अचानक दाट पांढरा धूर येतो. कूलंट एक थेंबही कमी झालेलं नाही. हेड गॅस्केट असेल का?

उत्तर: हेड गॅस्केटमुळे असा धूर आला असता तर कूलंट कमी झालं असतं. ते जागेवर आहे, मग ब्रेक फ्लुइडची पातळी बघा. गाडीला व्हॅक्यूमचा ब्रेक सर्व्हो (ब्रेक दाबायला मदत करणारा भाग) असेल आणि त्यातलं सील फाटलं असेल, तर फ्लुइड व्हॅक्यूमच्या नळीतून इनलेट मॅनिफोल्डमध्ये ओढलं जातं आणि इंजिनात जळतं. बाहेर गळतीचा मागमूस नसतो. मॅनिफोल्डकडचं नळीचं टोक काढा. आत ओलं असेल तर निदान झालं. सर्व्हो दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नका. इथे प्रश्न धुराचा नाही, ब्रेकचा आहे.

प्रश्न: मॅनिफोल्डला नवा उष्णतारोधक रंग दिला. पहिल्याच दिवशी धूर.

उत्तर: रंग भाजतोय. डब्यावर दिलेल्या टप्प्यांनी इंजिन तापवा, मधे पूर्ण थंड होऊ द्या. तीन-चार फेऱ्यांनंतरही धूर थांबला नाही, तर वर सांगितलेली पावडरची तपासणी करा.