बावधनला फ्लॅट बघायचं चाललंय. ऑफिसातला मित्र म्हणतो, टेकड्यांवर बांधकाम बंद केलं म्हणून जमीन कमी पडली आणि भाव चढले. पुण्यातल्या टेकड्यांवरच्या या आरक्षणामुळे घरं महाग झाली का? यावर अर्थशास्त्रात काही संशोधन आहे का?

थोडक्यात उत्तर: झाली असतील तर अगदी थोडी, आणि तुमच्या ऑफिसातला मित्र सांगतो त्या कारणाने तर नाहीच. "टेकड्या मोकळ्या करा, भाव आपोआप खाली येतील" हे मी आमच्या घरी दर दिवाळीला फराळासोबत ऐकतो, त्यामुळे उत्तर लांबणार. तुम्ही बावधनला फ्लॅट बघताय असं प्रश्नात लिहिलंय. तेवढ्यापुरतंच हवं असेल तर सरळ शेवटी जा.

आमची जमीन बीडीपीत, म्हणजे जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणात आहे. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरचं आरक्षण पडलं, त्यात वारज्याच्या अंगाला आमचाही तुकडा गेला. नुसता मुरूम आणि कुसळं. आजोबा तिथं गुरं सोडायचे, बाकी कुणी फिरकत नसे. मग शहर चांदणी चौकापर्यंत येऊन ठेपलं आणि त्या कुसळांना एकाएकी वारस फुटले. २०१५ मध्ये सरकारने आरक्षण कायम केलं, बांधकामाला नकार दिला आणि मोबदला ठरवला ८ टक्के टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. २० गुंठ्यांचा हिशेब करा: जमीन २१,७८० चौरस फूट, हातात टीडीआर १,७४२ चौरस फूट. रस्त्याच्या किंवा शाळेच्या आरक्षणात जमीन गेली तर जे मिळतं त्याच्या पासंगालाही हे पुरत नाही. आमचे चुलते, अण्णा, तेव्हापासून टेकडीवर मॉर्निंग वॉकला येणाऱ्या कुणाचा रामराम घेत नाहीत.

मी अर्थशास्त्रात एमए केलं आणि प्रबंधाला विषय घेतला तो हाच: टेकडी दिसणाऱ्या घराला लोक किती जादा मोजतात. पद्धत जुनी आहे. १९६७ मध्ये रिडकर आणि हेनिंग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये हवेचं प्रदूषण आणि घरांच्या किमती यांचा संबंध तपासला. १९७४ मध्ये शेरविन रोझेनने त्या विचाराला सिद्धांताची पक्की बैठक दिली. खोल्या, मजला, बांधकामाचं वय, कामाच्या जागेपासूनचं अंतर यांचा हिशेब वेगळा काढला की जो फरक उरतो तो हवेचा, बागेचा, व्ह्यूचा. तिकडे हे झकास चालतं. इकडे इंडेक्स टू, म्हणजे खरेदीखताची सरकारी नोंद, उघडायचं आणि कपाळाला हात लावायचा. नोंदलेला आकडा रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराच्या, आसपास घुटमळत असतो, आणि हॉलची खिडकी कुठल्या बाजूला उघडते हे त्यात कुठेच नसतं. म्हणून मी साइटवर जाऊन कोटेशनं गोळा करायला लागलो.

एकदा अण्णांना सोबत नेलं. काका-पुतणे म्हटलं की सेल्सवाल्यांना गिऱ्हाईक खरं वाटतं, एकट्या पोराला कुणी बसही म्हणत नाही. साइट होती आमच्याच उतारासमोर, रस्त्याच्या पलीकडे. ऑफिसात मधोमध काचेच्या टेबलावर टॉवरचं मॉडेल, आणि मागे हिरव्या स्पंजचा डोंगर. मुलीने कोटेशन पुढे केलं. बेसिक रेट, फ्लोअर राइज, पार्किंग, सोसायटीचं मेंटेनन्स डिपॉझिट, आणि त्या सगळ्याच्या मध्ये एक ओळ: हिल व्ह्यू, चौरस फुटाला इतके जादा. त्याच मजल्यावरच्या हायवेकडे तोंड असलेल्या फ्लॅटला ती ओळ नव्हती. माझा आख्खा प्रबंध त्या एका ओळीत होता, मी खूश.

अण्णांनी विचारलं, "उद्या समोर बिल्डिंग झाली तर हे पैसे परत देणार का?"

"नाही होणार सर. ते बीडीपी आहे. तिथं कन्स्ट्रक्शन कायमचं बंद. लाइफटाइम व्ह्यू मिळतो."

"आन् जमीन कुणाची?"

"गव्हर्नमेंटची, सर."

अण्णांनी खिशातून सातबारा काढला. त्यांच्या खिशात तो असतोच, घडी घालून घालून मधोमध फाटलेला, मागून सेलोटेप लावलेला. तो त्यांनी काचेवर पसरला आणि स्पंजच्या डोंगरावर बोट ओढलं. "हितनं हितवर माजी. व्ह्यूचे घेताय त्यातले आमचे किती?" मुलीने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरला वाटलं म्हातारा गंमत करतोय, तो मोठ्यांदा हसला आणि कॉफी मागवली. अण्णा कॉफी न घेता उठले. ते सातबारा विसरले होते, तो मी उचलला.

तुमच्या प्रश्नाचा गाभा त्या टेबलावर होता. हिरवा पट्टा राखल्यामुळे घर महागलं असं म्हणताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात: जमीन कमी पडली म्हणून चढलेला भाव, आणि शेजारी हिरवळ टिकली म्हणून चढलेला भाव. दक्षिण कोरियात सोलभोवती १९७१ पासून हरित पट्टा आखला गेला, त्यावरच्या अभ्यासांत हाच गुंता सोडवत बसावं लागतं. पहिला भाव सगळ्या शहराच्या डोक्यावर बसतो. दुसरा फक्त खिडकीतून टेकडी दिसणारा देतो, आणि राजीखुशीने देतो. पुण्यात टेकडीलगतच्या घराचा चढा भाव बघून लोक सरसकट पहिल्याचं नाव घेतात. बराचसा तो दुसरा असतो.

आता आमचा थोरला चुलतभाऊ. जमिनींची दलाली करतो, इंग्रजी पेपर वाचत नाही, पण एकदा त्याने घरच्या ग्रुपवर अल्बर्ट सैझ या अर्थशास्त्रज्ञाच्या २०१० सालच्या निबंधाची बातमी टाकली: ज्या अमेरिकन शहरांत चढ-उतार आणि पाणी जास्त, तिथं घरं महाग. खाली लिहिलं, "बघ, तुझेच विद्वान म्हणतायत." अरे बाबा, नीट वाच की! सैझने १५ टक्क्यांवरचा चढ बांधकामाला निरुपयोगी धरलाय तो चढ आहे म्हणून. आरक्षणाचा त्यात प्रश्नच नाही. आपल्या नियमांतही १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधता येत नाही. आरक्षण उद्या उठवलं म्हणून उतार सपाट होत नाही. सपाट करायला डोंगर फोडावा लागतो. कात्रजच्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडीला तो फोडला होता. जून २०१३ च्या पावसात तिथून हायवेवर आलेल्या लोंढ्यात मायलेकी वाहून गेल्या.

आणि क्षेत्र तरी किती? ९७८ हेक्टर म्हणजे दहा चौरस किलोमीटरही नाही. २०२१ मध्ये आणखी गावं घेतल्यावर महापालिकेची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेली. त्यातल्या जेमतेम दोन टक्के चढणीच्या जमिनीने अख्ख्या पुण्याचे भाव अडवून धरलेत, यावर माझा विश्वास नाही. टेकडीवर जे होईल ते बंगले होतील, तेही परवडणाऱ्यांचे. स्वस्त घरांचा खरा अडथळा बघायचा तर यान ब्रुकनर आणि कला श्रीधर यांचा २०१२ चा अभ्यास बघा: भारतीय शहरांत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण, दाबून ठेवला की शहर आडवं पसरतं आणि जाण्यायेण्याचा खर्च लोकांच्या खिशातून जातो. वनाज ते रामवाडी मेट्रो धावतेय. तिच्या बाजूने उंच बांधा ना, आधी पाण्याची आणि ड्रेनेजची सोय करून.

मात्र टेकडीप्रेमींनाही सोडणार नाही. कोटेशनमधल्या ओळीत टेकडीचं सगळं मोल आलं असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. घेणारा जे बघतो तेवढ्याचेच पैसे देतो. पाणी मुरतं, ओढ्याचा वेग कमी होतो, याचे पैसे कोण देणार? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबील ओढा फुगला, तो टांगेवाले कॉलनीत शिरला. पुणे आणि परिसरात त्या पावसात वीसहून अधिक माणसं गेली. वरच्या उताराची किंमत खालच्या वस्तीने मोजली, आणि खालच्या वस्तीत 'हिल व्ह्यू' कुणी विकत नाही. तेव्हा टेकडी राहिलीच पाहिजे, यावर मी चुलतभावाशी मरेपर्यंत भांडेन. पण ती फुकटात राखून मागणारे कोथरूडचे लोकही मला तितकेच खटकतात. नगररचना योजनेत रस्ता झाला, भाव वाढला, की त्या जमिनीकडून अंशदान घ्यायची सोय १९६६ च्या कायद्यात आहे. मग व्ह्यूच्या ओळीतला वाटा टेकडीच्या मालकाला का नको? हे मी एका चर्चेत विचारलं तर एक निवृत्त साहेब म्हणाले, "तुमच्यासारख्यांना पैशाशिवाय काही दिसत नाही." साहेबांच्या बाल्कनीतून टेकडी दिसते.

जाता जाता, संशोधन हवंय म्हणालात म्हणून. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर गावाच्या जमिनीचा अभ्यास करून १९१७ मध्ये छापला. १७७१ मध्ये सरासरी खातं ४० एकरांचं होतं, ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आलं. आज तिथं चौरस फुटात मोजतात. आमच्याही सातबाऱ्यावर इतकी नावं चढलीत की त्या १,७४२ फुटांतून माझ्या वाट्याला बाथरूमही येणार नाही. त्यामुळे मी स्वार्थापोटी बोलतोय असं वाटत असेल तर हिशेब करून बघा.

तरी मी या प्रकरणात पक्षकार आहे, हे धरूनच वाचा. माझी कोटेशनं मोजकी होती, आणि कोटेशनवरचा दर आणि घासाघीस करून शेवटी दिलेला दर यांत फरक पडतो. टीडीआरचे नियमही बदलत असतात, आज काय चालू आहे ते वकिलाला विचारा.

तुमच्या फ्लॅटचं: व्ह्यूचे जादा पैसे देण्याआधी समोरच्या उताराचे सर्व्हे नंबर काढा आणि महापालिकेतून त्यांचा झोन दाखला घ्या. पायथ्याचा भाग पुष्कळदा रहिवासी झोनमध्ये असतो आणि बीडीपीची हद्द वर कुठेतरी सुरू होते. तिथं बारा मजले उठले तर सेल्सवाल्याची लाइफटाइम तिथंच संपली. दाखल्यात रहिवासी निघालं तर ती ओळ कोटेशनमधून कापून घ्या, कापत नसतील तर हायवेकडचा फ्लॅट घ्या आणि चांगल्या काचा बसवा.