ऑक्टोबरात तंबू घेऊन स्पिती: मनालीकडून नको, किन्नौरकडून जा

तुम्ही चौघं पुण्याहून ट्रेनने चंदीगडला जाणार, तिथून मित्राची स्कॉर्पिओ घेऊन दहा दिवस, मनाली, चंद्रताल तलाव, स्पितीतलं मुख्य गाव काझा, मग किन्नौरमार्गे शिमला, जमेल तिथे तंबू ठोकायचा, आणि तारीख ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. सीझन एकदम छान निवडलाय, रूट मात्र उलटा करा.

मनालीहून निघालात की दोन हजार मीटरवरून एका दिवसात चंद्रतालला सव्वाचार हजारावर झोपायला जाता. माझ्यासोबतच्या एका धडधाकट मुलाचं पहिल्याच रात्री डोकं इतकं ठणकलं की त्याला उलट्या सुरू झाल्या, आणि अंधारात त्या दगडगोट्यांच्या रस्त्याने खाली उतरवायचं म्हणजे काय ते मी बघितलंय. किन्नौरकडून गेलं की शरीराला वेळ मिळतो. पहिली रात्र नारकंडा, दुसरी कल्पा, मग नाको, ताबो, धनकर, आणि त्यानंतरच लांगझा, जे ४,४०० मीटरवर आहे. हा रस्ता हळूहळू चढतो, ताबोला तर नाकोपेक्षा थोडं खालीच येता. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची का ते डॉक्टरांना विचारून घ्या, पण गोळी आहे म्हणून घाईने चढू नका.

दुसरं कारण कुंझुम. मनाली-काझा रस्त्यावरचा हा घाट साडेचार हजार मीटरच्या वर आहे आणि ऑक्टोबरात कधी बंद होईल याचा नेम नाही. २०१८ ला तर सप्टेंबर संपायच्या आतच एवढा बर्फ पडला की शेजारच्या लाहौलमध्ये शेकडो लोक अडकले, हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली. म्हणून कुंझुम प्लॅनच्या शेवटी ठेवा, तोही जमला तर. आठव्या दिवशी सकाळी काझात ड्रायव्हर लोकांना विचारा, आभाळ स्वच्छ असेल तर लोसर, कुंझुम, बातल करत मनालीला उतरा, नाहीतर आल्या वाटेने परत, त्यासाठी तीन दिवस हातात आहेतच. चंद्रतालच्या काठावर तंबू लावायला तशीही बंदी आहे, तलावाच्या अलीकडे लागणारे कॅम्पसुद्धा ऑक्टोबर लागला की गुंडाळायला लागतात. तिथे मुक्काम धरूच नका.

आता सकाळी निघायचं आणि तंबूचं. उन्हाळ्यात स्पितीला जाऊन आलेले सगळे सांगतील की पहाटे निघा, नाले सकाळीच ओलांडा, आणि उन्हाळ्यात ते खरंच आहे कारण दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. ऑक्टोबरात नाल्यात पाणी कमी असतं पण रस्त्यावर आलेलं पाणी रात्री गोठतं आणि सकाळी सात वाजता सावलीतल्या वळणावर काचेसारखा पातळ थर असतो, लांबून नुसता ओला डांबरी रस्ता वाटतो. ऊन रस्त्यावर येईपर्यंत थांबा, निवांत चहा प्या, नऊ-साडेनऊला निघा. आणि संध्याकाळी उलट, लवकर थांबा. घड्याळात सूर्यास्त पावणेसहाला असला तरी ऊन डोंगरामागे त्याच्या कितीतरी आधी जातं आणि गेल्या गेल्या बोटं बधिर व्हायला लागतात. साडेतीनला जागा बघायची, चारला तंबू उभा. म्हणजे गाडी चालवायला दिवसाचे सहा तासच मिळतात, त्या हिशोबाने टप्पे आखा.

जागा बघताना नदीचं पात्र नको, आणि वरून दगड सुटतील असा उतारही नको, रात्री वारा सुटला की खडे घरंगळतात, आवाज येतो. सगळ्यात चांगलं म्हणजे गावात विचारायचं. आम्ही धनकरच्या खाली एका घरी विचारलं तर आजींनी जव कापून झालेलं शेत दाखवलं, सकाळी स्वतःहून छरम्याचा गरम रस घेऊन आल्या, ती नारिंगी आंबट फळं याच दिवसांत पिकतात. पैसे द्या, त्या नको म्हणाल्या तरी द्या.

एक कळकळीची विनंती, शेकोटी नको. तिथल्या घरांच्या गच्च्यांवर काटक्या आणि शेण्या रचून ठेवलेल्या दिसतील, ते त्यांचं सहा महिन्यांचं थंडीतलं सरपण आहे. तुम्ही पाचशे रुपये देऊन एक भारा विकत घ्याल, पण तो फेब्रुवारीत त्यांना कुठून मिळणार? त्यापेक्षा एक थर जास्त घाला.

रात्री पारा उणे पाचच्या खाली सहज जातो. स्लीपिंग बॅग उणे दहाची आणि खाली जाड मॅट, कारण थंडी जमिनीतून येते, जास्तीची रजई अंगावर घेण्यापेक्षा अंगाखाली घाला. तंबूची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ आतल्या कापडावर गोठते आणि सकाळी तंबू हलला की तोंडावर बारीक बर्फ पडतो. शेगडी तंबूच्या आत अजिबात पेटवायची नाही, कितीही थंडी असली तरी. गॅसचे कॅन ट्रेनने नेता येत नाहीत, चंदीगडच्या मित्रालाच घेऊन ठेवायला सांगा. आणि लहान प्रेशर कुकर न्याच. चार हजार मीटरवर पाणी ८७ अंशाच्या आतबाहेरच उकळतं, साध्या पातेल्यात तूरडाळ दोन तास ठेवली तरी कच्चीच राहते आणि गॅस संपतो तो वेगळाच.

बाकी, आपल्याला परमिट लागत नाही, आधारकार्ड पुरतं. डिझेल रेकाँगपिओच्या खाली पोवारीला फुल करा, पुढे काझाचाच पंप धरून चाला. कॅश पिओतूनच काढा. किन्नौरमध्ये सफरचंदाचे ट्रक असतील, ओव्हरटेकची घाई नको.

मित्राला आजच फोन करून रेडिएटरमध्ये कूलंट आहे की नुसतं पाणी ते बघायला सांगा, आणि वायपरच्या टाकीतलं साधं पाणी काढून न गोठणारं भरायला सांगा. आमचं लांगझाला गोठलं होतं, समोरून सूर्य, काचेवर धूळ, आणि दर दोन किलोमीटरला खाली उतरून पुसायची.