युरोपात दौऱ्यावर असलेल्या रॉक बँडला शहर बघायला खरंच वेळ मिळतो का?

तुम्ही विचारलंय की पुलावर, किल्ल्यासमोर काढलेले बँडवाल्यांचे फोटो खरे, की नुसती फोटोपुरती उडी असते. वेळ मिळतो. पण तो मिळतो ड्रायव्हरच्या कृपेने.

मी सिंदेवाही तालुक्यातला. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत आठ हंगाम ऑक्टोपॅड वाजवला, मग एका रॉक बँडचे ड्रम लावायला-काढायला म्हणून अठरा दिवस युरोपात जाऊन आलो. (आईने गावात सांगितलं, पोरगा बँडसोबत विलायतेला गेला. आमच्याकडे बँड म्हणजे वरातीचा. परत आल्यावर शेजारच्या काकांचा पहिला प्रश्न, "लगन कोनाचं होतं गा?")

तिकडच्या कायद्याने ड्रायव्हरला दिवसाला ९ तासांच्या वर गाडी चालवता येत नाही, आठवड्यातून दोनदा फार तर १०. साडेचार तास चालवली की ४५ मिनिटं थांबायचं. रोजची विश्रांती साधारण ११ तासांची, आठवड्याची मोठी सुट्टी ४५ तासांची. टॅकोग्राफ नावाचं यंत्र सगळं टिपून ठेवतं, त्यामुळे मॅनेजरने कितीही गयावया केली तरी चाक हलत नाही. ही मोठी सुट्टी ज्या शहरात पडेल ते शहर तुमचं. आमची प्रागमध्ये पडली.

अर्धा दिवस कपडे धुण्यात गेला, हे फोटोत दिसत नाही. गायक बसमधून उठलाच नाही. मी आणि बेसवाला पायी निघालो. चार्ल्स पुलाचं काम १३५७ मध्ये सुरू झालेलं, पाचशे मीटरच्या वर लांबी, दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे. त्यातले बरेचसे आता प्रतिकृती आहेत. संत नेपोमुकच्या पुतळ्याखाली पितळी पट्टी आहे, हात लावला की भलं होतं म्हणतात. बाकीची काळी पडलेली, आणि लोकांचा हात लागतो तेवढाच भाग पिवळाधमक, आमच्या महादेवाच्या देवळातल्या नंदीच्या पाठीसारखा गुळगुळीत. बेसवाल्याने दोनदा हात लावला. दुसरा म्हणे उद्याच्या साउंडचेकसाठी.

१४१० च्या खगोलीय घड्याळाचे ठोके बघायला ही गर्दी! सांगाडा घंटा ओढतो, खिडकीतून बारा प्रेषित फिरतात, मिनिटाभरात खेळ खलास. आमच्या दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, याहून जास्त दिसतं, खरं सांगतो. किल्ल्याची गोष्ट मात्र मला आवडली. रोलिंग स्टोन्स १९९० मध्ये प्रागला वाजवून गेले, तेव्हाचे तिथले राष्ट्राध्यक्ष हावेल त्यांचे चाहते, आणि १९९५ मध्ये किल्ल्यातल्या मोठ्या दालनांच्या दिव्यांचा खर्च त्याच बँडने उचलला. आम्ही तिथे दोन कॉफ्या घेतल्या.

आता आमच्या हंगामाचं. दिवाळी ते होळी, आज या गावात मंडई म्हणजे जत्रा, उद्या त्या गावात शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि तिथे रात्री आमचं नाटक. दहाला पडदा वर, पहाटे खाली. टॅकोग्राफ कुठला? रात्रभर जागलेला ड्रायव्हरच सकाळी गाडी काढणार. एकदा चामोर्शीकडचा प्रयोग आटोपला आणि पुढचा जवळच होता, तर तोच म्हणाला, "चाला ना जी, मार्कंडा इथंच आहे." खलनायकाने काजळाची मिशी पुसली नव्हती. तशीच घेऊन तो वैनगंगेच्या घाटावर उतरला, तर पाणी भरायला आलेल्या बाया घागरी तिथेच ठेवून हसत बसल्या. नदी तिथे उत्तरेकडे वळते. मार्कंड्याच्या देवळाच्या भिंतींवर एवढं कोरीवकाम की बघता बघता मान दुखते. आमचा ऑर्गनवाला खांबाला टेकून तिथेच घोरायला लागला.

तुम्ही स्वतः जाणार असाल तर बस उभी आहे त्या जागेचा फोटो काढून ठेवा, पाटीसकट. प्रागमध्ये आम्ही संध्याकाळी तासभर चुकीच्या पार्किंगमध्ये फिरत होतो. सापडलो तेव्हा ड्रायव्हर खुर्ची टाकून सिगारेट ओढत होता. त्याची सुट्टी अजून अठरा तास शिल्लक होती, तो कशाला घाबरतोय!