चर्चला कुलूप लागणार म्हणतात, मग आता करायचं काय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी वसईची, बहीण बॉस्टनकडे असते. तिचा धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका चर्चखालचा भाविकांचा समुदाय) शेजारच्या धर्मग्रामात मर्ज केल्याचं बिशपांचं पत्र आलंय. म्हणजे चर्चची इमारत विकणारच ना?

उत्तर: नाही ताई, आणि इथेच बहुतेक जण गप्प बसतात! पॅरिश मर्ज करणं हा एक निर्णय, चर्च कायमचं बंद करणं हा दुसरा. दोन्हीच्या आधी बिशपांना धर्मगुरूंच्या मंडळाचं मत घ्यावंच लागतं, पण इमारतीसाठी कॅनन लॉच्या (कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या) कलम 1222 प्रमाणे गंभीर कारण दाखवावं लागतं आणि रोमने (म्हणजे व्हॅटिकनने) 2013 मध्ये स्पष्टच सांगितलंय की नुसतं पॅरिश मर्ज झालं, माणसं कमी झाली किंवा डायोसीसला (बिशपांच्या धर्मप्रांताला) चर्चची संख्या कमी करायचीय एवढ्यावर चर्च बंद करता येत नाही. दुरुस्तीला पैसेच नाहीत हे कारण चालू शकतं, पण ते त्याच चर्चचे हिशोब दाखवून सिद्ध करायचं.

बहिणीला आजच फोन करा. हुकूम कळल्यापासून 10 दिवसांत, तो मागे घ्या असं बिशपांना लेखी कळवायचं, प्रत्येकाने स्वतःच्या नावाने सही करून. त्यांना 30 दिवस असतात, नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर पुढच्या 15 दिवसांत रोमला अपील. चांगल्या चांगल्या केसेस या तारखा चुकल्यामुळे गेल्यात, फार वाईट वाटतं.

प्रश्न: रोम खरंच ऐकतं का? की चर्चमध्येच ठाण मांडून बसावं?

उत्तर: ऐकतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या बिशपांनी बंद केलेल्या चर्चपैकी 13 ठिकाणचे निर्णय रोमने 2012 मध्ये फिरवले कारण प्रोसिजर नीट पाळली नव्हती. ठाण मांडणाऱ्यांचं म्हणाल तर बॉस्टनजवळ सिच्युएटला संत फ्रान्सिस झेव्हियर कॅब्रिनी चर्चमधल्या लोकांनी ऑक्टोबर 2004 पासून 11 वर्षांवर रात्रंदिवस पाळ्या लावल्या, रोमपर्यंत गेले, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, तरी मे 2016 मध्ये बाहेर पडावं लागलं. त्यांच्या चिकाटीपुढे मी मान झुकवतो, पण माझा सल्ला विचाराल तर आधी अर्ज, मग बाकीचं.

प्रश्न: चर्च गेलंच तर आल्तार (वेदी), घंटा, आईबाबांनी दिलेल्या वस्तू यांचं काय?

उत्तर: मर्जरमध्ये जुन्या पॅरिशची मालमत्ता आणि देणीही नव्या पॅरिशकडे जातात, देणाऱ्याची इच्छा पाळूनच. म्हणून कोणी काय, कशासाठी दिलं याची यादी आत्ताच करा, फोटो काढा, पावत्या जोडा. इमारत दुसऱ्या वापराला दिली तरी तो वापर अशोभनीय नसावा असा नियम आहे. आल्तारचं वेगळं आहे, चर्च चर्च राहिलं नाही तरी आल्तारचं पावित्र्य जात नाही (कलम 1238), त्यामुळे खरेदीदाराच्या हॉटेलात तो टेबल म्हणून राहता कामा नये, आधीच हलवायला सांगा.

प्रश्न: आपल्याकडे असं कधी झालंय का?

उत्तर: झालंय की, अंधेरीतच. सीप्झमधलं (तिथल्या निर्यात उद्योगांच्या बंदिस्त वसाहतीतलं) संत योहान बाप्तिस्ताचं चर्च 1579 चं, पोर्तुगीज जेझुइटांनी बांधलेलं. 1840 मध्ये साथीमुळे गाव उठलं, धर्मग्राम मरोळला गेला आणि चर्च ओस पडलं. आता फक्त भिंती उभ्या आहेत पण ईस्ट इंडियन लोक (मुंबई-वसईकडचे मूळचे कॅथलिक) वर्षातून एकदा तिथे मिस्सा (प्रार्थनाविधी) करतात. एरवी जायचं तर सीप्झच्या गेटवर परवानगी लागते.